वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि दिनक्रम

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने अवघड जातात, असे बहुतेक जण सांगतात आणि ते खोटे नाही. तरीही त्या काळात काय प्यावे, काय खावे आणि किती खावे हे सारे लिहून दिलेले असते, भूक जवळजवळ नसते आणि वजनाचा काटा दर आठवड्याला खाली सरकत असतो. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. तेव्हा कोणताही पदार्थ पूर्णपणे वर्ज्य राहिलेला नसतो, भूक हळूहळू परतू लागलेली असते, घरच्यांना आता सारे सुरळीत झाले असे वाटत असते आणि काटा एका जागी थांबलेला असतो. म्हणून येथे पहिल्या आठवड्यांचे वेळापत्रक थोडक्यात दिले आहे आणि ज्या सवयी जन्मभर लागणार आहेत त्यांच्याविषयी सविस्तर लिहिले आहे. दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाने काही वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे, कारण शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार आणि रुग्णाचे आधीचे आजार त्यांना ठाऊक असतात.

पोटात काय बदलते

पथ्यामागचे कारण समजले की ते पाळणे सोपे जाते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत जेवणाची आठवणही होत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलीटरची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही, आणि लोह व कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने त्याच भागात होत असते. थोडक्यात, स्लीव्हमध्ये मुख्य फरक जागेचा असतो, तर बायपासमध्ये जागेचा आणि शोषणाचा असा दुहेरी असतो. पूरक गोळ्यांची गरज दोन्हींत पडते. बायपासमध्ये ती अधिक असते.

पहिले सहा ते आठ आठवडे

पहिले एक-दोन दिवस पाणी, गाळलेले पातळ सूप आणि साखर नसलेली पेये एवढेच घोटघोट घ्यायचे असते. त्यानंतर साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, पातळ केलेले दही आणि प्रथिनांची पावडर मिसळलेली पेये चालतात. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले, गाठी नसलेले गुळगुळीत अन्न, पुढे आणखी दोन ते चार आठवडे काट्याने सहज मोडेल असे मऊ अन्न आणि मग हळूहळू नेहमीचा आहार, असा हा क्रम असतो. एका दिवशी एकच नवा पदार्थ घेऊन पाहावा, म्हणजे त्रास झाल्यास तो कशामुळे झाला हे कळते. बरे वाटते आहे म्हणून पुढची पायरी आधीच गाठू नये. पोटावरच्या छोट्या जखमा लवकर भरतात, परंतु आतली शिवण पक्की व्हायला वेळ लागतो आणि ती सुटून गळती झाल्यास जिवावर बेतू शकते.

या काळात हृदयाचे ठोके विश्रांतीतही मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चालणे मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू करायचे असते, कारण त्यामुळे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. जड वजन उचलणे साधारण चार ते सहा आठवडे टाळावे.

घास, चावणे आणि थांबणे

जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागली पाहिजेत. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच घास घ्यावा, तोंडात दाणा जाणवेनासा होईपर्यंत चावावा, चमचा खाली ठेवावा आणि मगच पुढचा घास उचलावा. टीव्ही किंवा मोबाइल समोर असला की हे जमत नाही, कारण हात आपल्या जुन्या वेगाने चालू लागतो. छोटी ताटली आणि छोटा चमचा वापरणे हा बालिश उपाय वाटेल, पण तो चांगला लागू पडतो. घास किती वेळा चावला हे मोजण्यापेक्षा घासाचा आकार लहान ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोजणी आठवडाभरात विसरली जाते, छोटा चमचा मात्र ताटात राहतो.

पोट भरल्याची खूणही आता वेगळी असते. पूर्वीसारखी तृप्तीची ढेकर येण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. छातीच्या मधल्या हाडामागे हलका दाब जाणवणे, उचकी लागणे, अचानक नाक वाहू लागणे किंवा एखादी शिंक येणे ही अनेकांच्या बाबतीत थांबण्याची सूचना असते. प्रत्येकाची खूण निराळी असते आणि ती पहिल्या काही महिन्यांत ओळखून ठेवावी लागते. ती मिळताच ताटात काय उरले आहे हे न पाहता थांबावे, कारण पुढच्या एका घासाने उलटी होऊ शकते. अन्न वाया जाऊ नये म्हणून शेवटचा घास संपवण्याचा संस्कार ज्यांच्यावर आहे त्यांना हे जड जाते. त्यांनी मुळातच कमी वाढून घ्यावे.

कोरडे किंवा चिवट मांस, ताजा मऊ पाव, चिकट भात आणि धागेदार भाज्या अडकण्याची शक्यता अधिक असते. घास अडकला की छातीत दुखते आणि तोंडात फेसाळ लाळ जमते. अशा वेळी पाणी पिऊन तो खाली ढकलण्याचा प्रयत्न केला तर पाणीही वरच साचते. खाणे थांबवून उभे राहावे, सावकाश चालावे आणि वाट पाहावी. काही तासांनंतरही पाण्याचा घोट किंवा स्वतःची लाळ खाली उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

पाणी आणि इतर पेये

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर किमान अर्धा तास थांबावे, हा नियम सर्वांत आधी शिकवला जातो आणि बहुधा सर्वांत आधी मोडला जातो. छोट्या जागेत अन्न आणि पाणी एकत्र गेले की एकतर उलटी होते, नाहीतर अन्न लवकर पुढे सरकून भूक पुन्हा लागते. दुसरीकडे दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायलाच हवे. एका वेळी ग्लासभर पाणी पिता येत नसल्यामुळे दोन जेवणांच्या मधला सारा वेळ घोटघोट पिण्यात घालवावा लागतो. बाटली सतत हाताशी ठेवावी. लघवीचा रंग गडद होणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे आणि तोंड कोरडे पडणे या पाणी कमी पडल्याच्या खुणा आहेत. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी निर्जलीकरण हे एक आहे.

वायू भरलेली पेये पोट फुगवतात म्हणून टाळावीत. फळांचे रस, गोड कॉफी आणि मिल्कशेक यांबाबत अधिक सावध राहावे, कारण द्रव पदार्थाला छोटे पोट अडवत नाही आणि जेवणाएवढ्या कॅलरी काही मिनिटांत आत जातात.

प्रथिने आधी

वजन झपाट्याने उतरत असताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ही झीज कमी राखण्यासाठी दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. अनेकांना ८० ग्रॅमपर्यंत सांगितली जातात. हा आकडा वाटतो तितका सोपा नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलीटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या माशांत २० ग्रॅमच्या वर आणि तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात साधारण ९ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे केवळ मसुरावर ६० ग्रॅम गाठायचे तर साडेसहाशे ग्रॅमहून अधिक खावे लागतील, आणि नव्या पोटात ते दिवसभरातही मावणार नाही. त्यामुळे मांसाहार न करणाऱ्यांनी दूध, पाणी निथळवलेले दही, पनीर, सोयाबीनचे पदार्थ यांवर भर द्यावा आणि पहिल्या काही महिन्यांत प्रथिनांची पावडर घेण्यात कमीपणा मानू नये. पुढे जेवणातून पुरेसे मिळू लागले की ती बंद करता येते.

ताटातील क्रम यावरूनच ठरतो: आधी प्रथिने, मग भाज्या आणि जागा उरली तर धान्याचे पदार्थ. सुरुवातीला उरत नाही, आणि त्यात काळजीचे काही नसते.

गोड खाल्ल्यानंतर गळून जाणे

बायपासनंतर साखरेचा मोठा डोस एकदम लहान आतड्यात उतरला की आतडे रक्तातील पाणी आपल्याकडे खेचून घेते. त्यामुळे खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासाच्या आत पोटात मुरडा, मळमळ, जुलाब, घाम आणि छातीत धडधड असा त्रास होतो. याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. स्लीव्हनंतरही तो होऊ शकतो, पण कमी वेळा. आडवे पडून विश्रांती घेतली की बहुधा तो ओसरतो.

याचाच उशिरा होणारा प्रकार अधिक फसवा असतो. गोड किंवा पिठूळ खाण्यानंतर एक ते तीन तासांनी, वाजवीपेक्षा अधिक इन्सुलिन स्रवल्यामुळे, रक्तातील साखर खाली येते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि विचित्र भूक लागते. हा त्रास शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा सुरू होत असल्यामुळे त्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही. त्या क्षणी थोडे ग्लुकोज आणि पाठोपाठ प्रथिनांचा छोटा आहार घ्यावा. त्रास वारंवार होत असेल तर गाडी चालवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पूरक गोळ्या

मल्टिव्हिटॅमिन, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह ही यादी पहिल्या वर्षापुरती नसून आयुष्यभराची आहे. ब१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, असे सर्वसाधारण प्रमाण असते. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते. ते सायट्रेट स्वरूपात घेणे बरे, कारण त्याच्या शोषणाला जठरातील आम्लाची गरज कमी असते. शरीर एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम नीट शोषून घेऊ शकत नाही, म्हणून ते दोन-तीन वेळांत विभागावे. लोहाचे प्रमाण पाळी येणाऱ्या स्त्रियांसाठी आणि बायपास झालेल्यांसाठी साधारण ४५ ते ६० मिलिग्रॅम असते. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात. त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा-कॉफी घेऊ नये. लोह सकाळी आणि कॅल्शियम दुपारी व रात्री, अशी विभागणी बहुतेकांना जमते.

गोळ्या चुकवल्याने लगेच काही बिघडत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. ब१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे पायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत कमतरता बरीच वाढलेली असते आणि मज्जातंतूंची झालेली हानी नेहमीच पूर्ण भरून येत नाही. याउलट थायामिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील आणि त्यातच चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे किंवा गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली, तर तातडीने रुग्णालयात जाऊन उलट्यांची पूर्ण माहिती द्यावी. अशा रुग्णाला ग्लुकोज चढवण्याआधी थायामिन द्यावे लागते.

रक्ततपासण्या पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी कराव्यात. हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा घटक, खाली गेलेले असू शकते, म्हणून अहवालात ते आहे की नाही हे पाहावे.

इतर औषधे

मधुमेहाची औषधे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच कमी करावी लागू शकतात, रक्तदाबाची काही आठवड्यांत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या जुन्याच मात्रेत चालू ठेवल्या तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून घरी नियमित मोजून नोंद ठेवावी आणि बदल डॉक्टरांकडून करून घ्यावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. धूम्रपानानेही हाच व्रण होतो. दीर्घकाळ हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे शोषण बदललेल्या मार्गात पुरेसे होत नाही, त्यांना पर्याय विचारून घ्यावा.

वजन घटल्यावर अनियमित पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते, तर बायपासनंतर तोंडावाटे घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा दुसरे साधन आधीच ठरवून ठेवावे.

केस, त्वचा आणि मन

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागतात. झपाट्याने वजन उतरल्याचा हा परिणाम असतो आणि प्रथिने व लोह पुरेसे असेल तर केस पुन्हा येतात. त्वचेचे तसे नाही. सैल पडलेली त्वचा व्यायामाने आवळत नाही. घड्यांमध्ये ओलावा राहून पुरळ येऊ नये म्हणून ती कोरडी ठेवावी, आणि ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार वजन स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण दीड वर्षाने करावा.

मनाचा भाग बहुधा कोणी पुरेसा समजावून सांगत नाही. शस्त्रक्रिया जठरावर होते. कंटाळा, राग किंवा एकटेपणा आला की खाण्याकडे वळणारे मन तसेच राहते, फक्त त्याचा आधार काढून घेतलेला असतो. काही जणांच्या बाबतीत ती जागा खरेदी, जुगार किंवा मद्य घेते. बायपासनंतर मद्य लवकर चढते, रक्तातील त्याचे प्रमाण अधिक वर जाते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला दिसतो. पूर्वी सहज पचणारे प्रमाण हे आता माप मानू नये. न घेणे सर्वांत चांगले. आरशात अजून जुनेच शरीर दिसणे, लोकांच्या कौतुकाने अवघडणे, जोडीदाराशी नव्याने खटके उडणे हेही होते. मन सतत खचलेले राहिले किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येऊ लागले तर लगेच मदत घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरे वर्ष आणि त्यापुढे

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के राहिली. थोडे वजन परत येणे हा शरीराचा स्वभाव आहे, त्याला अपयश समजून तपासणीला जाणेच सोडून देऊ नये. काटा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही काही दिवस अडतो आणि आपोआप पुन्हा हलतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी वजन करावे. रोज केल्याने शरीरातील पाण्याचे चढउतारच दिसतात आणि मनस्ताप वाढतो.

वजन परत येते ते बहुधा मोठ्या जेवणातून नव्हे, तर दिवसभर चरत राहण्यातून. बिस्किटे, चिप्स, आइस्क्रीम यांसारखे पदार्थ तोंडात विरघळून सहज खाली उतरतात, छातीत दाब येत नाही आणि थांबण्याची सूचनाही मिळत नाही. मासे किंवा अंडी खाताना चार घासांत पोट भरते, पण बिस्किटांचा पुडा संपतो, असा अनुभव आला की समजावे. उपाय जुनाच आहे: तीन जेवणे आणि गरज असल्यास ठरलेल्या वेळी एक-दोन छोटे आहार, घट्ट प्रथिने आधी, पाणी वेगळे. तीन दिवस खाल्लेले प्रत्येक काही, चवीपुरते उचललेलेसुद्धा, लिहून काढले की गळती कोठे आहे ते बहुधा दिसते. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम केल्यास स्नायू टिकतात. एवढे करूनही वजन चढतच राहिले तर पथकाकडे जावे. जठराची तपासणी, आहारतज्ज्ञांचा नवा आराखडा आणि आता उपलब्ध असलेली भूक कमी करणारी इंजेक्शने असे मार्ग त्यांच्यापाशी असतात.

बायपास झालेल्यांनी आणखी एक गोष्ट वर्षे लोटली तरी लक्षात ठेवावी. जेवणानंतर पोटात येऊन-जाऊन उठणारी तीव्र कळ ही आतड्याचा वेढा आतल्या फटीत सरकल्याची खूण असू शकते आणि तिथे तासांना महत्त्व असते. पित्ताशयातील खडेही झपाट्याने वजन घटल्यानंतर होतात, त्यांची कळ बहुधा उजव्या बरगडीखाली असते. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि टाळायची औषधे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांना ते स्वतःहून दाखवावे. गरोदरपणात साखर तपासण्यासाठी गोड द्रावण पाजण्याची चाचणी सांगितली गेली तर आपल्याला डम्पिंग होऊ शकते हे आधी सांगावे, म्हणजे घरी काही दिवस साखर मोजून तपासण्याचा पर्याय देता येतो.